पाच लीटरला सात किलो : काकवी व मध यांच्या माप-वजनाचा पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवी, विषय – गणित व परिसर अभ्यास, तासिका – दोन)

एक लीटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम भरते, हे विधान प्राथमिक शाळेतील मूल लवकर शिकते आणि सहसा विसरत नाही. परंतु या विधानातील ‘पाण्याचे’ हा शब्द मात्र त्याच्या स्मरणातून थोड्याच दिवसांत गळून पडतो. मग ‘एक लीटर म्हणजे एक किलो’ एवढेच त्याच्या मनात उरते. पुढे तेच मूल दुकानात बसते, घरचे खोबरेल विकते, बचत गटाच्या सरबताचा हिशेब लिहिते किंवा शाळेच्या आहाराचे साहित्य मोजून देते, त्या वेळी ही अर्धवट राहिलेली शिकवणूक नुकसानीच्या रूपाने प्रकट होते. यास्तव माप व वजन यांतील भेद वर्गातच, प्रत्यक्ष पदार्थ हाताळून, मुलांना पटवून देणे अगत्याचे आहे.

या पाठासाठी काकवी व मध हे दोन पदार्थ निवडले आहेत. दोन्ही पदार्थ मुलांच्या ओळखीचे आहेत. मालवण तालुक्यातील घराघरांत घावणे आणि आंबोळी यांच्याबरोबर काकवी खाल्ली जाते. उसाचा रस काहिलीत आटत असता, तो गूळ होण्याच्या अवस्थेला पोहोचण्याच्या थोडे आधी जो दाट पाक काढून घेतात, तीच काकवी होय. घाटावरील गुऱ्हाळांतून ती डब्यांत भरून येते आणि गावात येईपर्यंत कोठे किलोने तर कोठे लीटरने विकली जाते. एकच पदार्थ दोन रीतींनी विकला जात असल्यामुळे माप व वजन यांचा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो. तो कृत्रिम रीतीने निर्माण करावा लागत नाही.

पाठाचा हेतू

पाठ संपल्यावर विद्यार्थ्यांस पुढील गोष्टी आल्या पाहिजेत. (१) लीटर हे पदार्थाने व्यापलेली जागा सांगते व किलोग्रॅम हे पदार्थाचे वजन सांगते, हा भेद स्वतःच्या शब्दांत सांगणे. (२) कोणत्याही पातळ पदार्थाच्या एका मापाचे वजन तराजूने शोधून काढणे. (३) काकवी व मध यांचे मापावरून वजन आणि वजनावरून माप काढणे. (४) उत्तर बरोबर आहे की नाही याचा अंदाज पाण्याशी तुलना करून घेणे.

‘घनता’ ही संज्ञा या इयत्तांत आरंभी वापरू नये. संज्ञा प्रथम आली की मुले तिची व्याख्या पाठ करतात आणि वस्तू बाजूला राहते. ‘एका लीटरचे वजन’ हे शब्द पुरेसे आहेत. विद्यार्थी वरच्या वर्गात गेल्यावर त्याच गोष्टीला घनता म्हणतात, एवढे त्यास कळेल; त्या वेळी कल्पना नवी राहणार नाही, केवळ नाव नवे असेल.

शिक्षकांच्या माहितीसाठी

माप आणि वजन यांचा गोंधळ हा आजचा नव्हे. जुन्या पद्धतीत ‘शेर’ हा एकच शब्द दोन अर्थांनी चालत असे. धान्य मोजावयाचा शेर हे माप होते. निठवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली अशी त्याची चढती पायरी होती. तराजूत घालावयाचा शेर हे वजन होते. तो ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम होता. एक मापी शेर तांदूळ आणि एक वजनी शेर तांदूळ या भिन्न गोष्टी होत्या व मापी शेरही सर्व गावी सारखा नव्हता. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना अजून ही मापे आठवतात. मुलांना ती विचारून येण्यास सांगितल्यास पाठाची उत्तम पूर्वतयारी होते.

भारतात १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने व्यवहारात आली. या पद्धतीने जागेसाठी लीटर व वजनासाठी किलोग्रॅम अशी दोन स्वतंत्र नावे दिली. शेराचा दुहेरी अर्थ त्यामुळे संपला. तथापि या दोन परिमाणांत पाण्याच्या द्वारे एक नाते ठेवलेले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ही पद्धती बांधली गेली, तेव्हा दहा सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंची असलेल्या जागेत मावणाऱ्या पाण्याचे वजन ते किलोग्रॅम, अशी योजना होती. १९०१ ते १९६४ या काळात तर एक किलोग्रॅम शुद्ध पाण्याने व्यापलेली जागा अशीच लीटरची व्याख्या होती. १९६४ साली ती सोडून देऊन लीटर म्हणजे एक घन डेसिमीटर असे ठरले. २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याही निसर्गातील एका स्थिरांकावर आधारलेली आहे. सारांश, आज लीटर व किलोग्रॅम यांचा व्याख्येपुरता काहीही संबंध उरलेला नाही. पाण्याच्या बाबतीत दोन्ही आकडे जुळतात ते मूळ योजनेमुळे. इतर पदार्थांनी ते जुळवून दाखवावेत असे कोणतेही बंधन नाही.

पूर्वतयारी व साहित्य

एकसारखे दोन लहान पेले, दोन करवंट्या, एक सरळ काठी, सुंभ किंवा दोरी, थोडी वाळू, पाणी, सुमारे १०० मिलीलीटर काकवी, १०० ग्रॅम साखर आणि मिलीलीटरच्या खुणा असलेले मोजपात्र. मोजपात्र नसल्यास औषधाच्या बाटलीबरोबर येणारे, दहा मिलीलीटरची खूण असलेले झाकण स्वच्छ धुऊन घ्यावे. शाळेत काट्याचा किंवा विजेरीवर चालणारा वजनकाटा असेल तर तो उत्तमच. परंतु तो नाही म्हणून पाठ थांबवू नये. पुढील पहिल्या प्रयोगास वजनकाटाही लागत नाही आणि वजनेही लागत नाहीत.

काठीच्या मध्यावर दोरी बांधून ती टांगावी व दोन्ही टोकांस सारख्या अंतरावर एकेक करवंटी बांधावी. करवंटीत लहान पेला घसरत नाही, हा तिचा विशेष उपयोग आहे. दोन्ही करवंट्यांत रिकामे पेले ठेवावेत. काठी एका बाजूस झुकल्यास हलक्या करवंटीत थोडी वाळू टाकून तराजूचा पासंग काढावा. पासंग काढल्यावाचून वजन करणे म्हणजे चुकीने आरंभ करणे होय, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. बाजारात तराजू उचलून दाखविण्याची रीत कशासाठी आहे, तेही या वेळी सांगता येईल.

पहिला प्रयोग : पाण्याने काकवी तोलणे

एका पेल्यात ५० मिलीलीटर पाणी मोजून ओतावे आणि पाण्याच्या पातळीवर बाहेरून खूण करावी. मग पाणी ओतून टाकून पेला कोरडा पुसावा व खुणेपर्यंत काकवी ओतावी. काकवी आधी मोजपात्रात घेऊन नंतर पेल्यात ओतण्याचा मोह टाळावा. कारण काकवी मोजपात्राच्या अंगास चिकटून राहते आणि पेल्यात पोहोचते ती ५० मिलीलीटर नसते. ज्या भांड्यात मोजावयाचे त्याच भांड्यात तोलावयाचे, हा चिकट पदार्थांचा पहिला नियम आहे.

काकवीचा पेला एका करवंटीत ठेवल्यावर ती बाजू खाली जाईल. आता दुसऱ्या पेल्यात किती पाणी घातले असता काठी सरळ होईल, याचा अंदाज मुलांकडून घ्यावा व फळ्यावर लिहावा. बहुतेक मुले ‘पन्नास मिलीलीटर’ असे सांगतील. कारण विचारता ‘दोन्ही सारखेच ना!’ असे उत्तर येईल. हा अंदाज चुकीचा आहे असे लगेच सांगू नये. एका विद्यार्थ्याने झाकणाने मोजून पाणी ओतावे आणि इतरांनी मोजणी म्हणावी. पाच झाकणे झाली तरी काठी सरळ होत नाही, हे पाहताच वर्गात कुजबुज सुरू होते. ‘गुरुजी, पाणी कमी पडला,’ असे एखादे मूल आपल्या बोलीत म्हणेल. सहावे झाकण ओतले जाते, सातवे ओतले जाते आणि सातव्याच्या आसपास काठी सरळ होते.

५० मिलीलीटर काकवी ही सुमारे ७० मिलीलीटर पाण्याइतकी जड आहे, असे दिसून आले. एक मिलीलीटर पाण्याचे वजन एक ग्रॅम, हे मुलांना ठाऊक आहे. म्हणून ५० मिलीलीटर काकवीचे वजन सुमारे ७० ग्रॅम. पाणी हेच येथे वजनाचे काम करते. मुलांना ठाऊक असलेले जुने विधान येथे खोडले जात नाही. त्याच्याच आधाराने नवे ज्ञान मिळते, ही या प्रयोगाची विशेष सोय आहे.

प्रत्येक वर्गात नेमके ७० मिलीलीटर येईलच असे नाही. काकवी जितकी अधिक आटविलेली तितकी ती जड. पातळ काकवीस पाणी कमी लागेल. ६७ आले तर ६७ लिहावे व ७१ आले तर ७१ लिहावे. पुस्तकातील आकडा साधण्यासाठी पाणी मागेपुढे करणे हा प्रयोगातील अप्रामाणिकपणा आहे आणि मुले तो तत्काळ ओळखतात.

दुसरा प्रयोग : काकवी जड का?

काकवी जड असते हे पाहिल्यावर ‘का?’ हा प्रश्न ओघाने येतो. त्याचे उत्तर साखरेने देता येते. एका भांड्यात १०० मिलीलीटर कोमट पाणी घेऊन त्यात १०० ग्रॅम साखर पूर्ण विरघळवावी आणि पाक थंड होऊ द्यावा. पाण्याचे वजन १०० ग्रॅम व साखरेचे १०० ग्रॅम. पाकाचे वजन २०० ग्रॅम झाले, याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. आता तो मोजपात्रात ओतून त्याने किती जागा व्यापली ते पाहावे. पाक २०० मिलीलीटर भरत नाही. तो सुमारे १६२ मिलीलीटर भरतो. साखर विरघळताना तिचे वजन कोठेही जात नाही, मात्र तिला जागा कमी लागते. कमी जागेत अधिक वजन सामावले, म्हणून पाक पाण्याहून जड झाला. २०० ग्रॅमला १६२ मिलीलीटर, म्हणजे एका लीटरला सुमारे १,२३० ग्रॅम.

यावरून पुढचे अनुमान मुलांना स्वतः काढू द्यावे. दोन भाग साखर व एक भाग पाणी घेतले तर पाक आणखी जड होईल. उसाच्या रसात पाणी फार असते, म्हणून तो पाण्याहून थोडाच जड असतो. तो आटविला की पाणी वाफ होऊन जाते, साखर मागे उरते आणि काकवी तयार होते. मधमाश्याही तेच करतात. फुलांतील पातळ रस पोळ्यात आणून पंखांच्या वाऱ्याने त्या त्यातील पाणी उडवितात. चांगल्या पिकलेल्या मधात पाण्याचे प्रमाण पाचव्या हिश्शाहून कमीच राहते. काहिलीतील काकवी आणि पोळ्यातील मध जवळजवळ सारखेच जड का, याचे कारण येथे मिळते.

एका लीटरचे वजन

फळ्यावर पुढील आकडे लिहून घ्यावेत. पाण्याखेरीज इतर आकडे सुमाराचे आहेत, हे अवश्य सांगावे.

पाणी – १,००० ग्रॅम
समुद्राचे पाणी – १,०२५ ग्रॅम
दूध – १,०३० ग्रॅम
साखरेचा पाक (समभाग साखर व पाणी, वजनी) – १,२३० ग्रॅम
साखरेचा पाक (दोन भाग साखर, एक भाग पाणी, वजनी) – १,३३० ग्रॅम
काकवी – १,४०० ग्रॅम
मध – १,४२० ग्रॅम
खोबरेल – ९२० ग्रॅम

खोबरेलाचा आकडा मुद्दाम या यादीत ठेवला आहे. सर्व दाट पदार्थ जड असतात, अशी मुलांची समजूत असते. तेल पाण्याहून दाट वाटते. तरी ते पाण्यावर तरंगते, म्हणजे हलके आहे. दाटपणा आणि जडपणा या भिन्न गोष्टी आहेत. खोबरेल, पाणी व काकवी ही तिन्ही एका उंच पेल्यात क्रमाने हळूच ओतून दाखविल्यास काकवी तळाशी, पाणी मध्ये व खोबरेल वर राहते. थंडीच्या सकाळी खोबरेल थिजलेले असल्यास ते थोडे कोमट करून घ्यावे.

पाचाला सात

पहिल्या प्रयोगात ५० मिलीलीटरला ७० ग्रॅम आले. हेच मोठ्या प्रमाणात मांडले असता पाच लीटर काकवीचे वजन सात किलो होते. दशांश चिन्हाचा गुणाकार न आलेल्या मुलांसही हा नियम वापरता येतो.

मापावरून वजन काढणे : लीटरांस ७ ने गुणावे व ५ ने भागावे.
वजनावरून माप काढणे : किलोंस ५ ने गुणावे व ७ ने भागावे.

मिलीलीटर व ग्रॅम यांनाही हाच नियम लागू आहे. पाच मिलीलीटरच्या चमच्यात ७ ग्रॅम मध मावतो. पंधरा मिलीलीटरच्या चमच्यात २१ ग्रॅम. मधाचा नेमका आकडा थोडा अधिक आहे. परंतु लीटरमागे वीस ग्रॅमचा फरक घरच्या कामात क्षम्य आहे. मोठ्या खरेदी-विक्रीत मात्र तो धरावा किंवा सरळ वजनच करावे. घरातील वाटीवरून हिशेब करू नये. प्रत्येक घरची वाटी निराळी असते. वाटी वापरावयाची झाल्यास तीत किती मिलीलीटर पाणी मावते ते आधी मोजून घ्यावे.

उदाहरण पहिले. एका बचत गटास सरबतासाठी ७०० ग्रॅम काकवी हवी आहे व जवळ केवळ मोजपात्र आहे. ७०० × ५ ÷ ७ = ५००. म्हणून ५०० मिलीलीटर काकवी घ्यावी. मोजपात्राने ७०० मिलीलीटर घेतली असती तर ती ९८० ग्रॅम भरली असती. सरबत अति गोड झाले असते आणि २८० ग्रॅम काकवी व्यर्थ गेली असती.

उदाहरण दुसरे. एका दुकानदाराने वीस लीटरचा भरलेला काकवीचा डबा वजनावर घेतला. काकवी २८ किलो भरली व किलोस १०० रुपये या दराने त्याने २,८०० रुपये दिले. किलोस १२० रुपये दराने विकावी, असे त्याने ठरविले; परंतु लीटर व किलो एकच समजून तो लीटरच्या मापाने देत गेला. वीस मापांचे २,४०० रुपये आले. ५६० रुपये नफा व्हावयाचा तो न होता ४०० रुपये तोटा झाला. माप बरोबर होते, गुणाकार बरोबर होता आणि कोणी फसविलेही नव्हते. चुकले ते लीटरला किलो समजणे.

उदाहरण तिसरे. त्याच दुकानदाराने खोबरेलही किलोच्या भावाने लीटरचे माप भरून दिले. ग्राहकास एका किलोऐवजी ९२० ग्रॅम तेल मिळाले. दहा मापांत ८०० ग्रॅमची तूट आली. तीच चूक काकवीत विकणाऱ्यास बुडविते आणि तेलात घेणाऱ्यास बुडविते. ही दोन उदाहरणे एकापुढे एक सोडवून घ्यावीत. त्यामुळे चूक कोणाच्या पदरात पडते ते पदार्थावर अवलंबून आहे, हे मुलांस आपोआप उमगते.

उष्णतेचा परिणाम

पदार्थ तापला की फुगतो आणि त्याच लीटरभर जागेत थोडे कमी वजन मावते. हा फरक मोठ्या व्यवहारात दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. सोयाबीनच्या एक लीटर तेलाचे वजन २१ अंश सेल्सियसला सुमारे ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांस सुमारे ८९३ ग्रॅम भरते. खाद्यतेलाच्या पाकिटांवर अधिक तापमान दाखवून माप लिहिले जात होते. म्हणून २०२२ साली केंद्र शासनाने उत्पादकांना तापमानाचा उल्लेख न करता माप छापावे व त्याबरोबर वजनही छापावे, अशी सूचना दिली. मुलांनी घरातील तेलाचे रिकामे पाकीट आणून त्यावरील लीटर व ग्रॅम हे दोन्ही आकडे वाचावेत. मधाच्या बाटलीवर बहुधा ग्रॅमच लिहिलेले आढळते. अर्धा किलो मधाची बाटली अर्ध्या लीटरच्या पाण्याच्या बाटलीहून लहान का, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा.

वजनाने काय कळते व काय कळत नाही

काकवीत पाणी मिसळले तर एका लीटरचे वजन उतरते. नऊशे मिलीलीटर काकवीत शंभर मिलीलीटर पाणी घातले असता लीटरचे वजन १,४०० वरून सुमारे १,३६० ग्रॅमवर येते. मापाने विकणाऱ्यास पाणी मिसळण्याचा मोह होतो व मापाने घेणाऱ्यास ते कळत नाही. काटा मात्र ते दाखवू शकतो. तरीही येथे सावधपणे शिकवावे. काकवी कमी आटविलेली असली तरी वजन उतरते. म्हणून वजन कमी भरले एवढ्यावरून कोणासही लबाड म्हणू नये. उलट, मधात साखरेचा दाट पाक मिसळला तर वजन पूर्ववत राहू शकते. शुद्धतेचा निर्णय केवळ वजनाने होत नाही. त्यास प्रयोगशाळेची तपासणी लागते. अपुऱ्या पुराव्यावरून निष्कर्ष काढू नये, हा धडाही गणिताच्या तासातच मिळावयास हवा.

पातळ औषधाला हा हिशेब कदापि लावू नये, हेही स्पष्ट सांगावे. औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मिलीलीटरनेच, बरोबर आलेल्या झाकणाने मोजून द्यावयाचे असते. त्याचे ग्रॅम करण्याचे काहीच कारण नसते.

आढळणाऱ्या चुका

पहिली चूक रिकाम्या भांड्याचे वजन वजा न करण्याची. भरलेल्या डब्याच्या वजनातून रिकाम्या डब्याचे वजन वजा केल्यावाचून पुढे जाऊ नये.

दुसरी चूक गुणाकाराच्या जागी भागाकार करण्याची. यावर उपाय सोपा आहे. काकवी पाण्याहून जड असल्याने किलोचा आकडा लीटरच्या आकड्याहून नेहमी मोठा यावयास हवा. तो लहान आला तर क्रिया उलटी झाली. तेलात याच्या विरुद्ध घडते.

तिसरी चूक हुशार मुलांकडून होते. पाच लीटरमध्ये त्याचे दोन पंचमांश मिळविले की सात किलो होतात, हे त्यांना पटकन दिसते. मग उलट जाताना ती सात किलोंतून दोन पंचमांश वजा करतात व ४ लीटर २०० मिलीलीटर असे उत्तर देतात. मूळ पाच लीटर परत येत नाहीत. येथे मुलास चूक म्हणून गप्प करू नये. मिळविताना पाचाचे भाग होते व वजा करताना साताचे भाग झाले, म्हणून दोन सप्तमांश वजा करावे लागतात, हे पट्टी काढून समजावावे. अपूर्णांकाचा इतका चांगला प्रसंग पुस्तकात क्वचितच मिळतो.

चौथी चूक फेस व हवेचे बुडबुडे मोजण्याची. ताजी ओतलेली काकवी थोडा वेळ स्थिर होऊ द्यावी, मग खूण पाहावी.

स्वाध्याय

(१) एका घरी ३ लीटर काकवी आहे. तिचे वजन किती?
(२) २ किलो १०० ग्रॅम मध किती जागा व्यापील?
(३) रिकाम्या डब्याचे वजन १ किलो २०० ग्रॅम व काकवीसह ८ किलो २०० ग्रॅम आहे. डब्यात किती लीटर काकवी आहे?
(४) एका दुकानात काकवी किलोस १२० रुपये व दुसऱ्या दुकानात लीटरास १५० रुपये आहे. कोठे घ्यावी?
(५) (वरच्या वर्गासाठी) ५०० ग्रॅम मधाने भरलेली बाटली रिकामी करून धुतली व तीत खोबरेल भरले. सुमारे किती ग्रॅम खोबरेल मावेल?

उत्तरे : (१) ४ किलो २०० ग्रॅम. (२) १ लीटर ५०० मिलीलीटर. (३) ५ लीटर. (४) दुसऱ्या दुकानात. तेथे ५ लीटरचे, म्हणजे ७ किलोंचे, ७५० रुपये पडतात. पहिल्या दुकानात ७ किलोंचे ८४० रुपये होतील. (५) सुमारे ३३० ग्रॅम.

गृहकार्य व पडताळणी

प्रत्येक मुलाने घरातील एक पातळ पदार्थ निवडावा. उदाहरणार्थ खोबरेल, दूध, कोकमाचे आगळ, अमृत कोकम किंवा ताक. वडीलधाऱ्यांच्या परवानगीने त्याचे थोडे माप शाळेत आणून वर्गाच्या तराजूवर पाण्याशी तोलावे. देवबाग, तारकर्ली यांसारख्या गावांतील शाळांना समुद्राचे व खाडीचे पाणीही घेता येईल. मात्र तेथे फरक लीटरमागे जास्तीत जास्त पंचवीस ग्रॅमच्या आसपास असल्याने करवंटीचा तराजू पुरणार नाही, चांगला काटा लागेल. सर्वांनी मिळविलेले आकडे एका मोठ्या कागदावर ‘आमच्या गावच्या पदार्थांच्या एका लीटरचे वजन’ या मथळ्याखाली लिहून वर्गात लावावेत व पुढील वर्षीच्या मुलांनी ते पुन्हा तपासावेत.

पाठ उतरला की नाही, याची कसोटी एका आठवड्यानंतर घ्यावी. शिक्षकांनी एक लीटरची रिकामी बाटली वर्गात धरावी आणि दुसरे काहीही न बोलता विचारावे, ‘हिच्यात किती किलो मावेल?’ ‘एक किलो’ असे उत्तर आले तर पहिला प्रयोग पुन्हा करावा. त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु एखाद्या बाकावरून ‘कशाचे, गुरुजी?’ किंवा ‘कशाचे, बाई?’ असा उलट प्रश्न आला, तर पाठ उतरला असे समजण्यास हरकत नाही.